अकरा पानांचं तुवालू

शनिवार, २६ जुलै. सकाळी ६.५०

नवी वही सुरू. जुनीची शेवटची चाळीस पानं कोरी आहेत, पण तिच्या पहिल्याच पानावर ‘दिवाळीपर्यंत डॉलर संपणार’ असं मी ठळक लिहून ठेवलंय आणि लीना टेबल पुसताना ते मुद्दाम मोठ्याने वाचते. कोणती दिवाळी ते मी लिहिलं नव्हतं. अंदाज चुकलेला नाही, लांबलाय. पण बायकोला हे कोण समजावणार.

ही वही कुणाला दाखवायची नाही. जग कूस बदलतंय आणि अख्ख्या वेंटवर्थव्हिल उपनगरात ते कळणारा माणूस एकच आहे, याची कुठेतरी नोंद असावी एवढाच हेतू.

संकल्प. रोज साडेपाचला उठून तासभर जग वाचायचं. अभ्यास नसलेल्या माणसांशी वाद घालायचा नाही. चहात साखर एकच चमचा. (आज उठायला सहा पस्तीस झाले. इथे जुलैत हिवाळा, थंडी फार होती.)

रविवार, २७ जुलै

माणसांचा वीट आलाय. काल शेजारच्या प्रतापशी टॅरिफवर तासभर बोललो. म्हणजे मी बोललो, तो कचऱ्याची बिन बाहेर काढत होता. शेवटी त्याने विचारलं की उद्या रिसायकलिंगची पिवळी बिन आहे का हिरवी. महासत्ता कोसळतायत आणि याला बिनचा रंग हवाय.

कंपनीतही तेच. हॉस्पिटलांना हातमोजे, सुया, बँडेज पुरवणाऱ्या गोदामात मी प्लॅनर आहे. वीस वर्षांपूर्वी वॉलॉंगॉंगला लॉजिस्टिक्सचं मास्टर्स केलं ते काही खोकी मोजायला नाही. हातमोजा कुठून येतो हे ज्याला कळतं त्याला जग कळतं. एप्रिलमध्ये मलाक्काची सामुद्रधुनी बंद होणार हे मी ओळखलं आणि चार महिन्यांचे हातमोजे एकदम मागवले. बंद झाली नाही, यात माझा काय दोष? तीन गल्ल्या अजून भरलेल्या आहेत. बॉस ग्रेग रोज तिथून आडवा चालत जातो आणि माझ्याकडे बघतो. सामरिक दृष्टी नाही माणसाला.

मंगळवार, २९ जुलै

आज लेकीने, ओवीने, जेवताना बातमी दिली. शाळेच्या मॉडेल युनायटेड नेशन्सच्या टीममध्ये तिची निवड झाली. मुलं एकेक देश घेतात, त्या देशाचे प्रतिनिधी म्हणून भाषणं करतात, ठराव मांडतात. सोळा ऑगस्टला वॉलॉंगॉंगला युनीत, म्हणजे विद्यापीठात, राज्यभरच्या शाळा येणार. ओवी पंधरा वर्षांची आहे. रक्तात आहे ते बाहेर येणारच. डोळे भरून आले.

मग देश विचारला. तुवालू.

मला आधी वाटलं चेष्टा करते. भारत नाही, चीन नाही, निदान इंडोनेशिया तरी. तुवालू. प्रशांत महासागरात नऊ बेटं, लोकसंख्या अकरा हजार, सैन्य शून्य. वेस्टमीडच्या हॉस्पिटलांत दिवसाला याहून जास्त माणसं ये-जा करत असतील. मी म्हटलं, शाळेत जाऊन बदलून घे, नाहीतर मी मेल करतो. ती म्हणाली की तिने तुवालू मागून घेतलाय. बदली खेळाडू म्हणून निमिष आहे, आमच्या मराठी मंडळातल्या सुखदाचा मुलगा, आणि त्यालाही तुवालूच हवा होता. एका देशावर दोन मराठी मुलांचा डोळा आणि देश कुठला तर हा.

शिसारी आली. पण रात्री विचार केला. लहान प्यादंच वजीर होतं. हात योग्य माणसाचा हवा.

गुरुवार, ३१ जुलै

ओवीचं पहिलं प्रशिक्षण. व्हाइटबोर्ड आणला, नकाशा चिकटवला. तुवालू तैवानला मान्यता देणाऱ्या मोजक्या देशांपैकी एक, हा हुकुमाचा पत्ता. मान्यता काढून घेण्याची नुसती धमकी द्यायची, मग बघ सगळे कसे दारात उभे राहतात. चाळीस मिनिटं बोललो. ओवीने एकच प्रश्न विचारला: तिथली मुलं शाळेत कशी जातात? मी म्हटलं, तो मुद्दा नाही. तिने पेनाचं टोपण लावलं आणि केमिस्ट्रीचं पुस्तक उघडलं.

एकाग्रता नाही या पिढीला.

शनिवार, २ ऑगस्ट

आमच्या विचारमंचाची बैठक, मेन स्ट्रीटवरच्या हॉटेलात, दुपारी तीनला. सभासद चार, हजर दोन. मी आणि हृषिकेश. तो पुण्याचा आयटीवाला, वडापाव खाता खाता ऐकतो आणि मध्येच फोन उलटा करून ठेवतो, म्हणजे बघतोय हे कळू नये.

पण आनंदाची बातमी. मंडळाच्या सेक्रेटरी कौमुदीचा फोन आला. दहा तारखेला मंडळाचं श्रावण संमेलन, त्यात माझं व्याख्यान. तीन वर्षं मागे लागलो होतो. मी पंचेचाळीस मिनिटं मागितली, तिने वीस दिली. मंगळागौरीचे खेळ आणि जेवण यांच्या मध्ये. विषय: ‘बदलतं जागतिक सत्तासंतुलन आणि आपण’. तिने वक्त्याचा परिचय लिहून मागितला, छोटासा.

वक्त्याने आपला परिचय आपणच लिहायचा आणि व्यासपीठावर तो ऐकताना संकोचल्यासारखं खाली बघायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. मी ती पाळणार आहे. आज चारशे शब्द झाले, बालपणापर्यंत आलोय.

रविवार, ३ ऑगस्ट

लीनाने जेवायला तिच्या हॉस्पिटलच्या वॉर्डातली लोसा म्हणून एक बाई आणली. पेशंटना हलवणं, उठवणं-बसवणं ही तिची कामं. तुवालूची निघाली! दैवच. मी तिला तुवालूचं महत्त्व समजावून सांगितलं. सागरी हद्द, समुद्राखालच्या केबल, तैवान, सगळं. पाऊण तास. ती नुसती मान हलवत होती. त्या लोकांना आपल्याच देशाची किंमत माहीत नाही.

नंतर ओवी तिला परसात घेऊन गेली, लीनाने फुटक्या बादलीत लावलेला अळू दाखवायला. दोघी तासभर त्या बादलीपाशी बसल्या होत्या. माझा चहा गार झाला.

मंगळवार, ५ ऑगस्ट

ओवी उद्यापासून शाळेच्या कॅम्पला. ब्लू माउंटन्स, फोन नाही, नेट नाही, शनिवारी परत. तिचा पोझिशन पेपर तयार आहे, म्हणजे तुवालूची भूमिका मांडणारं टिपण. ते शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत शाळेच्या पोर्टलवर जायला हवं. पोर्टल उघडतंच शुक्रवारी. लीनाची शुक्रवारी दुपारची शिफ्ट. म्हणून मला सांगितलं.

लॅपटॉप उघडून दाखवला. ही फाइल, हे बटण. दोनदा दाखवलं, लहान मुलाला दाखवतात तसं. मग म्हणाली, “बाबा, जस्ट प्रेस सबमिट. नथिंग एल्स. प्रॉमिस?”

मी प्रॉमिस केलं. तिने माझ्यावर एवढी जबाबदारी टाकली, बरं वाटलं.

शुक्रवार, ८ ऑगस्ट. दुपारी १.३०

अर्धी सुट्टी काढून घरी आलो. ग्रेग म्हणाला, “नो वरीज, मेट,” जरा जास्तच आनंदाने.

दु. १.५०

पेपर उघडून बघितला. नुसतं बघायला काय हरकत आहे.

दु. २.०५

दोन पानं. फक्त दोन. आणि त्यात काय आहे? अळू. लोसाच्या आईचा अळूचा खड्डा, जमिनीत माणूसभर खोल खणलेला, तिच्या पणजीच्या वेळचा. समुद्राचं खारं पाणी खालून झिरपतं आणि मुळं कुजतात. आई रोज सकाळी त्या खड्ड्यातलं पाणी बोट बुडवून जिभेला लावून बघते. चीनचा उल्लेख नाही. तैवान अर्ध्या ओळीत. जागतिक राजकारणात अळू! पहिल्या फेरीत हसतील पोरीला. मान खाली घालून घरी येईल आणि मला विचारेल, बाबा, तुम्ही वाचलं होतं ना, मग गप्प का बसलात?

बाप म्हणून काही कर्तव्य असतं.

दु. २.३०

आमच्या लहानपणी चौथीच्या ज्वालामुखीचं मॉडेल वडील करायचे आणि सहीसुद्धा तेच करायचे. कुणाचं काही बिघडलं नाही. मी थोडंसंच दुरुस्त करतोय.

सायं. ४.५२

गेलं. अकरा पानं. मथळा: ‘तुवालू: इंडो-पॅसिफिकची बिजागरी’. मुख्य मजकूर माझा, आधीच तयार होता, नावं बदलावी लागली. अळू काढलेला नाही, तळटीप सातमध्ये आहे. मर्यादा दोन पानांची आहे असं पोर्टलवर दिसलं, पण दर्जा बघितला की कुणी पानं मोजत नाही.

वर नाव ओवीचंच ठेवलं. मला श्रेयाचा हव्यास नाही.

शनिवार, ९ ऑगस्ट

ओवी आली. चिखल, थंडीने लाल नाक. पहिला प्रश्न, पेपर गेला का. मी म्हटलं, गेला, आठ मिनिटं आधी. तिने मला मिठी मारली. पुष्कळ दिवसांनी.

तपशील नंतर सांगेन. ती जिंकली की.

परिचयात शेवटी एक परिच्छेद वाढवला. इतकं ताजं काम सोडून द्यायचं म्हणजे ऐकणाऱ्यांवर अन्याय.

रविवार, १० ऑगस्ट. संध्याकाळी ७

काही लिहायची इच्छा नाही. तरी नोंद हवी.

मंगळागौर लांबली. बायका फुगड्या घालायच्या थांबेनात. हॉलच्या मागे पडद्याआड जेवणाची भांडी मांडत होते आणि मसालेभाताचा वास सुटला होता. कौमुदी येऊन म्हणाली की वीस नाही, नऊ मिनिटं मिळतील. शाल आणि नारळ मात्र ठरल्याप्रमाणे. मी होकार दिला. दर्जा वेळेवर ठरत नाही.

परिचय वाचायला कौमुदीने सुरुवात केली. मी रीतीप्रमाणे खाली बघितलं. ‘आंतरराष्ट्रीय घडामोडींचे गाढे अभ्यासक’ नीट झालं. बालपण झालं. मलाक्का झाली. लोक ऐकत होते, निदान बसले होते. ओवी आणि दोन मुली मसाला दुधाचे ट्रे फिरवत होत्या. पहिल्या रांगेत सुखदा आणि तिचा निमिष.

आणि मग माइकवर, अख्ख्या हॉलभर: “नुकताच त्यांनी तुवालू या राष्ट्राचा अकरा पानी पोझिशन पेपर एकहाती लिहिला असून त्यांची कन्या कुमारी ओवी कॅम्पला गेली असताना तो वेळेत सादरही केला आहे.”

मी खालीच बघत होतो. त्यामुळे दिसलं नाही, ऐकू आलं. ट्रे टेबलावर ठेवल्याचा आवाज. आपटला नाही, ठेवला.

परिचयाला सहा मिनिटं लागली. माझ्यासाठी तीन उरली. काय बोललो आठवत नाही. मागून कुणीतरी विचारलं की तुवालू यासाठी पैसे देतं का. मग भात आला.

रात्री ९

ओवी परतीच्या गाडीत मागे बसली. घरी येऊन तिने लॅपटॉप उघडला आणि स्वयंपाकघरात उभ्यानेच अकरा पानं वाचली. मी शेजारी थांबलो होतो, काही कठीण वाटलं तर समजावायला. वाचून झाल्यावर तिने विचारलं, “बाबा, व्हेअर इज लोसा आंटीज मम?”

मी म्हटलं, तळटीप सात.

ती खोलीत गेली. दार लावलं, हळूच. आरडाओरडा केला असता तर उत्तर देता आलं असतं. लीना शिफ्टवरून आली तेव्हा दार उघडलं आणि आई आत गेल्यावर पुन्हा लागलं. मी बाहेर नारळ धरून बसलो होतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. नाही, चूक कौमुदीची. परिचयातलं काय वाचायचं याचा विवेक निवेदकाला हवा.

सोमवार, ११ ऑगस्ट

शाळेला सगळं कळलंय म्हणे. निमिषने चुगली केली असणार. सुखदाचा सरळसरळ सत्तापालटाचा डाव. पहिल्या रांगेत बसली ती उगाच नाही.

सायं. ५

निमिषने काही केलं नाही. ओवी स्वतःच शाळा भरायच्या आधी टीचरकडे गेली आणि सगळं सांगून आली. लीनाने सांगितलं. कुठलंही राष्ट्र स्वतः होऊन असं करत नाही. पोरीला वाटाघाटींचं मूलभूत ज्ञान नाही, आणि तेही माझ्या घरात.

टीचरचा मेल आला. मिस पेट्राकिस. अकरा पानी पेपर रद्द. दुसऱ्याने लिहिलेलं मुलीच्या नावावर आलंय, नियमाप्रमाणे तिची जागा जाते. पण वडिलांनी बुधवारी दुपारी तीनपर्यंत लिहून दिलं की हे तिच्या नकळत झालं, तर आयोजक तिची मूळ दोन पानं घेतील. दोन ओळी पुरतील, असंही लिहिलं होतं. याद्या तीनला बंद होतात.

दोन ओळी! वीस वर्षांचा अभ्यास आहे माझा. उद्या नीट बसतो.

मंगळवार, १२ ऑगस्ट

पहिला मसुदा, चार पानं. पार्श्वभूमी, पालकांच्या भूमिकेची संकल्पना, सहकार्याची चौकट. लीनाला वाचून दाखवला. ती पायातले मोजे काढत होती, बारा तासांची शिफ्ट करून आलेली. शेवटापर्यंत ऐकून म्हणाली, “एक ओळ लिही, पद्माकर. मी केलं, तिला माहीत नव्हतं. बस.”

मी तिला समजावलं की कबुली आणि खेद यांत फरक असतो. खेद व्यक्त करता येतो, कबुली मागे घेता येत नाही. शिवाय उद्या हे पत्र शाळेच्या फायलीत राहणार, त्यात माझं नाव. मंडळात आधीच बोभाटा झालाय. हृषिकेशने मेसेज पाठवला, ‘तुवालूचे राजदूत कसे आहेत?’ आणि खाली हसणारे तीन चेहरे. वडापाव माझ्या पैशाचा खातो.

लीना म्हणाली की तिला झोप येतेय. ओवीच्या खोलीत अजून दिवा होता. मी दारापर्यंत गेलो आणि पाणी पिऊन परत आलो.

बुधवार, १३ ऑगस्ट. सकाळी ७

रात्री तिसरा मसुदा. आता दीड पान. प्रगती आहे.

दु. १२.३०

गोदामात, हातमोज्यांच्या गल्लीत खोक्यांवर बसून. इथे कुणी येत नाही. पाचवा मसुदा. ‘प्रतिनिधी आणि सल्लागार यांच्यात मजकुराच्या व्याप्तीबाबत समन्वयाचा अभाव राहिला.’ उत्तम वाक्य. कुणावर दोष पडत नाही.

दु. २.१०

लीनाचा फोन. पाठवलंस का? पाठवतोच आहे.

दु. २.४०

‘खेदजनक’ की ‘दुर्दैवी’? दुर्दैवी म्हटलं की जबाबदारी नशिबावर जाते. खेदजनक म्हटलं की थोडी माझ्यावर येते. दुर्दैवी.

दु. २.५५

एक परिशिष्ट जोडलं पाहिजे. मूळ अकरा पानांचा सारांश. गुणवत्ता तरी कळेल.

दु. ३.२०

पाठवलं. वीस मिनिटं उशीर. मोठमोठ्या करारांत घड्याळं थांबवून ठेवतात. वीस मिनिटं म्हणजे काहीच नाही.

गुरुवार, १४ ऑगस्ट

मिस पेट्राकिसचा मेल, फार सभ्य. याद्या तीनला बंद झाल्या. शिवाय पत्रातून ओवीला माहीत होतं की नाही हे स्पष्ट होत नव्हतं, ‘समन्वयाचा अभाव’ म्हणजे दोघं मिळून करत होते असाही अर्थ निघतो. वाईट वाटतंय, पण तुवालूच्या खुर्चीवर निमिष बसेल. ओवीची मूळ दोन पानं तिच्या नावाने शाळेकडून जातील, तेवढं आयोजकांनी मान्य केलंय. आणि सभागृहात प्रतिनिधींच्या चिठ्ठ्या इकडून तिकडे न्यायला मुलं हवी आहेत, ओवीने त्यासाठी नाव दिलंय.

चिठ्ठ्या. माझी मुलगी.

मेल तीनदा वाचला. चूक कुठे सापडते का बघत होतो, त्यांची.

रात्री ओवी जेवायला आली. मला पोळी वाढली. “भात हवा का, बाबा?” असं मराठीत विचारलं. पाहुण्यांशी ती मराठीत बोलते.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

उद्या वॉलॉंगॉंगच्या ट्रेन नाहीत, ट्रॅकवर्क, बदली बसेस. लीनाची शिफ्ट बदलून मिळाली नाही. म्हणजे गाडी मी चालवणार. ओवी बसने जाते म्हणाली, तीन बदल्या करून. लीनाने ठरवलं, मी सोडणार. अटी ओवीने घातल्या. गाडीत जगावर बोलायचं नाही. आत आल्यास शेवटच्या रांगेत. प्रश्न विचारायचा नाही.

अटी एकतर्फी आहेत. मान्य केल्या.

साडेपाचचा गजर लावला. या वेळी खरंच उठायचंय.

शनिवार, १६ ऑगस्ट. सायंकाळी ६

उठलो.

पूर्ण रस्ता ती खिडकीबाहेर बघत होती. माउंट औस्लीचा उतार लागला, खाली समुद्र आणि पोर्ट केम्ब्लाच्या कारखान्याचा धूर दिसला. पोलाद, चीन, खनिज, तीन मुद्दे जिभेवर आले. बोललो नाही. कठीण गेलं.

युनीत दाराशी टेबल होतं. ओवीने आपला बिल्ला घेतला, त्यावर देश नव्हता, नुसतं ‘पेज’ लिहिलेलं, म्हणजे निरोप्या. ती आत गेली. टेबलामागच्या आजीबाईंनी मला कोरा स्टिकर आणि जाड पेन दिलं. नाव लिहा आणि खाली तुम्ही कोण ते. कोच, टीचर, ऑब्झर्वर, जे असेल ते. मागे रांग होती. मी पेन धरून उभा राहिलो. परिचय लिहायची मला सवय आहे, पण काही सुचेना. शेवटी ‘पद्माकर’ लिहिलं आणि खाली ‘ओवीचा बाबा’.

त्यांनी हसून विचारलं, “व्हिच कंट्री इज शी?”

मी म्हटलं, देश नाही, ती चिठ्ठ्या नेते. तुवालू तिचाच होता. मग तोंडातून निघून गेलं, इंग्लिशमध्ये, सरळ, एका दमात: मी केलं, तिला माहीत नव्हतं. सहा शब्द झाले असतील. बुधवारी दुपारी तीनच्या आत ते मला सापडले नव्हते.

आजीबाई म्हणाल्या, “नो वरीज, लव्ह,” आणि पार्किंगचं कूपन दिलं. डॅशबोर्डवर ठेवायचं, नाहीतर दंड होतो.

शेवटची रांग. मोठ्या देशांची मुलं मोठमोठं बोलली. एकाने तर बिजागरी हा शब्दसुद्धा वापरला आणि शेजारचा मुलगा जांभया देत होता. मग तुवालू. निमिषने कागद हातात घेऊन आधी सांगितलं की हे ओवीने लिहिलंय, मी फक्त वाचतोय. सुखदाचा डाव वगैरे जे मी वर लिहिलंय ते खोडायला हवं. मग त्याने दोन पानं वाचली. खड्डा, पणजी, मुळं. म्हातारी बोट बुडवून जिभेला लावते आणि घरात येऊन सांगते, आज कालच्यापेक्षा खारट आहे. एवढंच, आणि खाली बसला. कुणी हसलं नाही. मी ते त्या शुक्रवारी वाचलं होतं. वाचलं म्हणजे नजर फिरवली होती.

ओवी भिंतीला टेकून उभी होती, हातात चिठ्ठ्या. सगळे टाळ्या वाजवत होते तेव्हा तिच्या हातात चिठ्ठ्या असल्यामुळे तिला वाजवता आल्या नाहीत. लगेच तुवालूसाठी चिठ्ठ्या येऊ लागल्या, फ्रान्सकडून, ब्राझीलकडून. सगळ्या तिनेच नेऊन निमिषच्या टेबलावर ठेवल्या. तेरा फेऱ्या. मी मोजल्या. मला शरम वाटली, आणि त्यासाठी दुसरा शब्द शोधला नाही.

परतताना गाडीत तिने माझ्या शर्टावरचा स्टिकर वाचला. वाचून पुन्हा खिडकीकडे बघितलं. घर आल्यावर दार उघडता उघडता म्हणाली, “यू कॅन टेक दॅट ऑफ नाउ.”

काढला नाही अजून.